रशियन बॅले कसा बघावा: आधी पाठ, मग पाय

‘स्वान लेक’ मी पहिल्यांदा पाहिला तो लॅपटॉपवर, आईच्या शेजारी बसून. तिसऱ्या अंकात नायिका एका पायावर सलग ३२ गिरक्या घेते एवढंच कुठंतरी वाचलं होतं. त्या सुरू झाल्या तसा मी बोटांवर मोजू लागलो. एकोणतीसपर्यंत हिशोब बरोबर होता, मग चुकला. आईनं शाळेत असताना चार वर्षं कथक केलेलं. ती म्हणाली, “तू बस आकडे मोजत. त्या पोराला ती केव्हाच गुंडाळून बसलीये, ते दिसलं का तुला?” दिसलं नव्हतं.

तेव्हापासून बरंच बघून झालंय. पडद्यावर जास्त, प्रत्यक्ष कमी. कुठल्या क्रमानं बघायला हवं होतं ते आता कळतंय, म्हणून हा लेख. नाच येत नसला तरी चालेल. फ्रेंच शब्द पाठ करायचीही गरज नाही, पाच-सहा पुरतात आणि ते ओघात येतील.

सुरुवात कुठून

आपण ज्याला अभिजात रशियन बॅले म्हणतो तो बहुतांशी एका फ्रेंच माणसानं उभा केला. मारियुस पेतिपा १८१८ मध्ये मार्सेयला जन्मला, १८४७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नर्तक म्हणून आला आणि तिथलाच झाला. त्याचा नेहमीचा संगीतकार लुडविग मिंकुस व्हिएन्नाचा. गाजलेल्या नायिकांपैकी कितीतरी इटलीहून आणलेल्या. रशियाचं त्यात काय, तर झारच्या खजिन्यातला पैसा, मुलांना लहानपणीच पकडून घडवणारी शाळा आणि संगीतकार चायकोव्हस्की. ही शाळा १७३८ मध्ये सुरू झाली, आज ती वागानोवा अकादमी म्हणून ओळखली जाते.

पेतिपानं बसवलेले मोठे खेळ सांगायचे तर ‘डॉन किहोते’ (१८६९), ‘ला बायादेर’ (१८७७), ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१८९०) आणि ‘स्वान लेक’चा १८९५ चा प्रयोग. ‘नटक्रॅकर’ची आखणी त्याचीच, पण तो आजारी पडला आणि १८९२ मध्ये नाच बसवले त्याचा सहायक लेव्ह इवानोव्ह यानं.

पुष्कळ जण ‘नटक्रॅकर’पासून सुरुवात करा म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. पहिला अंक जवळजवळ सगळा नाताळच्या पार्टीत जातो आणि मोठं माणूस कंटाळतं. ‘स्लीपिंग ब्यूटी’ही आधी नको, प्रस्तावना आणि वर तीन अंक, भरल्या पोटी श्रीखंड. ‘स्वान लेक’चा फक्त तळ्याकाठचा पहिला प्रवेश घ्या, बहुतेक प्रयोगांत तो दुसरा अंक असतो. अर्ध्या-पाऊण तासाचा ऐवज. एका दिवसानं तोच पुन्हा बघा. मग ‘ला बायादेर’मधला सावल्यांचा प्रवेश. आणि मग एका सुट्टीच्या दिवशी अख्खा ‘डॉन किहोते’, कारण त्यात रडारड नाही, पंखे आहेत, बैलांशी झुंजणारे आहेत आणि सगळ्यांना मनासारखी बायको मिळते.

गोष्ट आधी वाचा, शेवट कुठला तेही विचारा

संगीत नाटकाला जाणाऱ्याला गोष्ट ठाऊकच असायची. पुढं काय होणार यासाठी कुणी जात नसे, पद कसं गायलं जातंय यासाठी जात. बॅलेचंही तेच. गोष्टीतलं गुपित आधी फुटलं म्हणून काही बिघडत नाही, उलट न वाचता गेलात तर अर्धा वेळ ‘हा कोण, ती कोण’ यात जाईल.

‘स्वान लेक’ थोडक्यात असा. ओडेट ही राजकन्या, रोथबार्ट या मांत्रिकानं तिचा हंस केलेला, रात्रीपुरती ती माणूस होते. जो कधी कुणावर प्रेम करण्याची शपथ वाहिलेला नाही अशानं तिच्यावर एकनिष्ठ प्रेमाची शपथ घेतली तर शाप सुटेल. राजपुत्र सीगफ्रीड तसं कबूल करतो. मग राजवाड्यातल्या समारंभात रोथबार्ट आपली मुलगी ओडील घेऊन येतो. ती हुबेहूब ओडेटसारखी दिसते. राजपुत्र फसतो आणि भलतीपुढं शपथ घेतो. ओडेट आणि ओडील दोन्ही एकाच नर्तकीनं करायच्या, सगळी गंमत तिथंच आहे.

हा बॅले पहिल्यांदा १८७७ मध्ये मॉस्कोला बोल्शॉय थिएटरात झाला तेव्हा फारसा जमला नव्हता. आज जगभर चालतो तो पेतिपा आणि इवानोव्ह यांनी १८९५ मध्ये पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरसाठी बसवलेला. राजवाडा पेतिपाचा, तळं इवानोव्हचं. चायकोव्हस्की तो बघायला नव्हता, १८९३ मध्येच गेला. त्या प्रयोगात प्रेमिक तळ्यात जीव देत आणि मरणापलीकडं एकत्र येत. सोव्हिएत काळात हे चाललं नाही. मारिइन्स्कीत अजून होणाऱ्या कोन्स्तान्तिन सेर्गेयेव्हच्या १९५० च्या आवृत्तीत राजपुत्र मांत्रिकाचा पंख उपटतो आणि सगळं गोड होतं. बोल्शॉयला युरी ग्रिगोरोविचची आवृत्ती. २००१ मध्ये त्यानं ती बदलली, तीत ओडेट मरते आणि राजपुत्र एकटा उरतो. तेव्हा तिकीट काढण्याआधी आवृत्ती कुणाची ते बघा. पंख उपटण्याचा प्रसंग मला अजूनही कोंबडी सोलल्यासारखा वाटतो, पण सकाळच्या खेळाला आलेली मुलं त्याला टाळ्या वाजवतात.

जाहिरात आणि तिकीट वाचताना

आपल्याकडच्या एका शहरात ‘रशियन’ म्हणून आलेल्या मंडळाचा ‘स्वान लेक’ मी बघितलाय. संगीत रेकॉर्डवरचं, हंस मोजून बारा. नायिका चांगली होती. पण रिकाम्या रंगमंचावर बारा हंस म्हणजे पंगतीला चार पानं. त्यावरून शिकलेलं सांगतो. जाहिरातीत तीन गोष्टी शोधा: ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष आहे का, समूहात किती जणी आहेत आणि नायिकेचं नाव दिलंय का. मंडळाचं नाव भारदस्त आणि नर्तकांची नावंच नाहीत, तर समजा की कोण नाचणार ते त्यांचंही ठरलेलं नाही.

रशियात जाऊन बघणार असाल तर थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तिकीट काढा आणि रंगमंच तपासा. मारिइन्स्कीची १८६० ची जुनी निळी-सोनेरी वास्तू वेगळी आणि शेजारची २०१३ ची नवी इमारत वेगळी. बोल्शॉयचंही तसंच, लाल-सोनेरी ऐतिहासिक रंगमंच आणि २००२ पासूनचा नवा रंगमंच. सहल करून गेलेले लोक चुकून नव्या इमारतीचं तिकीट काढतात आणि झुंबराखाली फोटो काढायचा राहून गेला म्हणून हळहळतात. २०२२ पासून तिथं आपले व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाहीत, पैशांची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवा. भूमिकावाटप प्रयोग जवळ आला की जाहीर होतं आणि दुखापतीमुळं आयत्या वेळी बदलतंही. अमुकच नर्तकी हवी असा हट्ट धरून विमानाचं तिकीट काढू नका.

जागा कुठली? सवयीनं आपण पुढची रांग मागतो. बॅलेला ते चुकीचं. अगदी पुढं बसलात तर पावलं नीट दिसत नाहीत आणि समूहाच्या रांगांचे आकार मुळीच कळत नाहीत. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची मधली जागा घ्या आणि चेहऱ्यांसाठी दुर्बीण. बाजूच्या बॉक्समधून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो, आणि रोथबार्ट नेमका तिथूनच येतो.

बघायचं काय

पायांकडं लक्ष आपोआप जातं. गुलाबी सॅटिनचे ते पॉइंट शूज, पुढं कापड-कागदाचे थर खळीनं कडक केलेले. त्यांचा आवाज होतो हे व्हिडिओत कळत नाही. थिएटरात वीस-चोवीस जणी एकदम धावत आल्या की लाकडावर पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं. पण पाय सगळ्या शाळांचे चांगले असतात. रशियन शाळेची ओळख पाठीत आहे.

अग्रिपिना वागानोवा (१८७९–१९५१) स्वतः मारिइन्स्कीची नर्तकी. निवृत्तीनंतर तिनं शिकवण्याची जी पद्धत बसवली ती १९३४ मध्ये पुस्तकरूपानं आली. फ्रेंचांचा डौल, इटालियनांची ताकद आणि रशियनांचा मोकळा श्वास एकत्र आणायचा, आणि पाय काहीही करोत, धड, खांदे, मान आणि हात मिळून एकच वाक्य बोलले पाहिजेत. मुलं साधारण दहाव्या वर्षी शाळेत येतात आणि आठेक वर्षं हेच घोटतात. म्हणून पहिल्या वेळी एक प्रयोग करा: पडद्याचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाका. खरंच झाका. ओडेट घाबरलीये, विश्वास ठेवू की नको अशा पेचात आहे, मग हळूहळू सैलावते, हे सगळं कमरेच्या वर वाचता आलं तर नर्तकी मोठी. काहीच कळलं नाही तर ती फक्त कसरत करतेय.

दुसरी गोष्ट हातांच्या खुणा. आपल्याला अभिनयाची सवय आहे त्यामुळं हे सोपं जातं. करंगळीशेजारच्या बोटाकडं बोट दाखवलं म्हणजे लग्न. चेहऱ्याभोवती तळहात फिरवला म्हणजे सुंदर. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले म्हणजे नाच. मनगटं खाली एकमेकांवर टेकवून मुठी आवळल्या म्हणजे मृत्यू. दोन बोटं वर उचलली म्हणजे शपथ. राजपुत्र ओडीलसमोर ती दोन बोटं उचलतो त्या क्षणी संगीत कोसळतं, आणि कारण माहीत नसेल तर तुम्ही शेजाऱ्याला विचारत बसाल. रशियन आवृत्त्यांमध्ये सोव्हिएत काळात अशा खुणा बऱ्याच कापल्या गेल्या. ‘हे तळं माझ्या आईच्या आसवांचं’ हे ओडेटचं सांगणं लंडनच्या प्रयोगात दिसेल, मारिइन्स्कीत तिथं नाच आहे.

तिसरी गोष्ट जोडीच्या नाचाची, ज्याला पा द दे म्हणतात. त्याची बांधणी ठरलेली: आधी संथ आदाज्यो दोघांचा, मग त्याचा एकल, मग तिचा एकल, मग वेगवान कोडा. ख्याल ऐकणाऱ्याला हे सांगायला नको. आदाज्यो म्हणजे विलंबित, कोडा म्हणजे द्रुत, आणि टाळ्या द्रुतला पडत असल्या तरी गवई कळतो विलंबितात. आदाज्योत पुरुषाच्या हातांवर लक्ष ठेवा. ते दिसता कामा नयेत. तिला सावरताना तो धडपडला, बोटं तिच्या कमरेत रुतली, की समजा जोडी नवी आहे. त्याच्या एकलात उडीची उंची नव्हे, उतरणं बघा: आवाज न होता, पाय मिटलेले, पुढची हालचाल त्यातूनच निघालेली.

आणि चौथं, मागची रांग. कोर द बॅले म्हणजे समूह. नायिका नाचत असताना हंस दोन्ही बाजूंना ताटकळत उभे असतात, एक पाय मागं, हात समोर. मिनिटांमागून मिनिटं. पोटऱ्यांत गोळे येतात. चार छोट्या हंसांच्या नाचात हात एकमेकींत गुंफलेले असतात, तोल सावरायला हातच नाही, आणि माना मात्र एकदम वळायला हव्यात. साधारण दीड मिनिट. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला तेव्हा सरकारी टीव्हीवर बातम्यांऐवजी ‘स्वान लेक’ लावून ठेवला होता. त्यामुळं रशियन माणसासमोर या चौघी आल्या की त्याला आधी रणगाडे आठवतात.

एकच तुकडा, तीन नर्तकी

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. ओडेटचा प्रवेश आणि त्यानंतरचा पांढरा आदाज्यो, म्हणजे तळ्याकाठचा ओडेट आणि राजपुत्राचा संथ नाच, घ्या आणि तीन नर्तकींचा पाठोपाठ बघा: माया प्लिसेत्स्काया १९५७ च्या बोल्शॉय चित्रपटात, उल्याना लोपात्किना मारिइन्स्कीच्या २००६ च्या चित्रीकरणात आणि स्वेतलाना झाखारोवा बोल्शॉयमध्ये.

पावलं जवळजवळ तीच. ओडेट उडी घेऊन येते, थांबते, मान वळवून पिसांतलं पाणी निपटावं तसा गाल खांद्याला लावते. प्लिसेत्स्कायाचे हात बघा, त्यांत हाडं आहेत असं वाटत नाही, लाट खांद्यापासून निघून बोटांपर्यंत जाते. लोपात्किना सगळं सावकाश करते. इतकं सावकाश की व्हायोलिनवाल्याला तिच्यासाठी थांबावं लागतंय असं वाटतं. शोक तिनं आत ठेवलाय, दाखवत नाही. झाखारोवा मूळ मारिइन्स्कीची, २००३ मध्ये बोल्शॉयला आली. तिचे पाय लांब, पावलाची कमान विलक्षण, आणि मागचा पाय इतका वर जातो की आकृतीच बदलते. मला तिचा हंस थोडा थंड वाटतो. आईला तिचाच आवडतो.

आता पुन्हा १९५७ कडं या. पाय तेव्हा किती खाली असायचे ते लक्षात येईल. अर्ध्या शतकात आराबेस्कची, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागं ताणण्याची, उंची वाढत गेली. त्यातून काही मिळालं आणि काही गेलं, तुम्हीच ठरवा. आदाज्योच्या शेवटाकडं राजपुत्रानं धरलेली ओडेट एका पायावर उभी असते आणि दुसऱ्या पायाचं पाऊल घोट्याशी भराभर फडफडतं. एवढीशी हालचाल. प्रत्येकीची फडफड वेगळी: एकीची थंडीनं, एकीची भीतीनं, एकीची नुसती तालात. हा सगळा आदाज्यो आधी व्हायोलिनचा आहे आणि मग त्यात चेलो येऊन मिळतो. चायकोव्हस्कीनं स्वतःच मोडीत काढलेल्या ‘उंदिना’ या ऑपेरातल्या युगुलगीताची ही चाल, म्हणून दोन वाद्यं दोन माणसांसारखी बोलतात.

मग या त्या ३२ गिरक्यांकडं. फुएते म्हणजे चाबकासारखं फटकारलेलं: मोकळा पाय बाजूला फटकारून त्या जोरावर फिरायचं, आणि उभ्या पायाची टाच प्रत्येक फेरीला टेकून पुन्हा वर. जागा सोडायची नाही. १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीनं त्या ओडीलच्या कोडात घेतल्या आणि तेव्हापासून ते कर्जच होऊन बसलं. प्लिसेत्स्काया फुएते करतच नसे, त्याजागी रंगमंचाभोवती वेगानं गोल गिरक्या घेत जाई. तिची ओडील त्यामुळं तसूभरही कमी पडली नाही.

पुरुषांसाठी हाच खेळ ‘डॉन किहोते’ किंवा ‘ला बायादेर’मधल्या एकलावर करा. रुदोल्फ नुरेयेव्ह १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर आणि मिखाईल बारिश्निकोव्ह १९७४ मध्ये टोरंटोत सोव्हिएत संघाला सोडून गेले, दोघेही एकाच गुरूचे, अलेक्झांडर पुश्किनचे, शिष्य. पहिला हवेत आग, दुसरा हवेत भूमिती. आताच्यांत मारिइन्स्कीचा किमीन किम बघा. तो कोरियाचा.

‘ला बायादेर’ हसून घेऊन बघा

आपल्याला हा बॅले सुरुवातीला जड जातो, कारण तो ‘भारतात’ घडतो. देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजा दुग्मांता, पेटत्या अग्नीभोवती उड्या मारणारे फकीर, फुलांच्या परडीत साप. दुग्मांता हे नाव दुष्यंताची पडछाया असावं. पाच मिनिटं मनसोक्त हसा. बायादेर हा शब्द पोर्तुगीज ‘बैलादेइरा’वरून आला, म्हणजे नाचणारी. पोर्तुगीज आपल्या देवळातल्या नर्तकींना तसं म्हणत, गोव्यात ज्यांना कलावंतिणी म्हटलं जाई त्यांनाच. पीटर्सबर्गला पोचेपर्यंत त्या शब्दाला टुटू, म्हणजे बॅलेचा झिरझिरीत घागरा, चढला होता.

मग सावल्यांचा प्रवेश येतो आणि हसू थांबतं. निकिया मेलीये, सोलोर अफूच्या धुंदीत. अंधारात उतारावरून पांढऱ्या वेशातली एक नर्तकी येते. मागचा पाय ताणून पुढं झुकते, सरळ होते, मागं वाकते, दोन पावलं चालते. पुन्हा तेच. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. मारिइन्स्कीत ३२ जणी उतरेपर्यंत पहिलीनं तोच आराबेस्क तीसहून जास्त वेळा केलेला असतो, सुरुवातीचे तर उतारावर. इथं नायिका नाही, गोष्ट नाही, जपमाळेसारखी एकच हालचाल आहे. डोळे पहिलीवर ठेवू नका, शेवटून तिसरीवर ठेवा. गुडघा थरथरतो तो तिथं.

निकियाच्या भूमिकेनं मारिइन्स्कीत नाव काढलेली आन्ना पावलोवा पुढं स्वतःचं मंडळ घेऊन भारतात दौऱ्यावर आली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून तिनं १९२३ मध्ये लंडनला बॅले केला, आणि त्याच वर्षी तरुण उदय शंकर तिच्याबरोबर राधा-कृष्णाच्या नाचात उभे राहिले. खोट्या भारतापासून खऱ्या अजिंठ्यापर्यंतचा तेवढा प्रवास तरी एका नर्तकीनं केला.

टाळ्या

शास्त्रीय मैफलीत मध्येच टाळी वाजवली तर आपण ओशाळतो. इथं वाजवायचीच असते. प्रत्येक एकलानंतर संगीत थांबतं, नर्तक पुढं येऊन वाकतात, कधी दोनदा. संगीत नाटकातल्या ‘वन्स मोअर’ची ती सख्खी बहीण. फक्त तळ्याकाठच्या प्रवेशात जरा सबुरी ठेवा, आदाज्योचा शेवटचा सूर विरू द्या.

प्रयोग संपला की कोट घ्यायला रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून लोक उठतात. रशियात थंडीत कोट खाली ठेवावाच लागतो. ज्यांनी कोटाबरोबर दुर्बीण भाड्यानं घेतलेली असते त्यांना बऱ्याच ठिकाणी रांगेशिवाय कोट मिळतो. तेव्हा दुर्बीण तिथूनच घ्या आणि बसून राहा. कारण पडद्यापुढं येऊन नमस्कार करतानाही ओडेट ओडेटच असते: हात आधी पंखांसारखे वर जातात, मग एकेक बोट मिटत खाली येतात, आणि नजर मात्र ऑर्केस्ट्रातल्या त्या व्हायोलिनवाल्याला शोधत असते.